जावयांची खोली

थोरलीला जन्मात एक गोष्ट जमली नव्हती, ती म्हणजे रिकामं बसणं. चार भावंडांतली ती पहिली, म्हणून थोरली. पुढे आईवडील गेले, मधली दोघं पांगली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळच मिळाला नाही बाई, कॉलरी शिवायच्या होत्या."

आणि ते अगदी खोटं नव्हतं. शर्टाच्या कारखान्यात ती उमेदीच्या वयापासून कॉलरीच्या मशीनवर होती. शर्टाचं सगळं चुकलं तरी चालतं, पण कॉलर म्हणजे शर्टाचं नाक, असं तिचं ठाम मत. एका सकाळी कारखान्याच्या फाटकातच मागे येणाऱ्या मालट्रकनं तिला भिंतीशी दाबलं आणि उजवा पाय गुडघ्याखालून गेला. मालकानं दवाखान्यात फळं पाठवली. निरोपही पाठवला, "बऱ्या झालात की बघू." ती बरी झाली. मालकानं काही बघितलं नाही.

मग ती धाकट्या भावाकडे राहायला आली. धाकटा छापखान्यात कामाला, स्वभावानं भित्रा पण मायाळू. भावजय तोंडाळ, पण मनात काही ठेवायची नाही. दोघांनी तिला जड होऊ दिलं नाही, आणि तेच तिला जड व्हायचं. भाजी निवडायला घेतली की भावजय म्हणायची, "राहू द्या वन्सं, मी करते." कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या की, "राहू द्या." त्या 'राहू द्या'ला थोरली इतकी विटली होती, की एकदा ती ओरडली, "अगं, राहू द्या राहू द्या करत मला भिंतीवर टांगशील एक दिवस!"

गावात अपंगांना योग्य काम जुळवून देणारं एक केंद्र होतं. कुबड्या घेऊन, दोन जिने चढून ती तिथे गेली. अपंगांचं केंद्र आणि दोन जिने, याचं तिला हसू आलं, पण वर पोचेपर्यंत हसायला दम उरला नाही.

टेबलामागे एक चष्मेवाला साहेब बसला होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "टक्केवारी?"

"कसली?"

"अपंगत्वाची."

तिनं दाखला पुढे केला. साहेबानं आकडा उतरवून घेतला. मग कुठला पाय, कुठून, कधीपासून. सगळं लिहून झाल्यावर त्यानं कागद बाजूला सारला.

"साहेब, मी कॉलर शिवते. काज, कफ, सगळं येतं, पण कॉलर माझी खास."

"हं."

"ते नाही लिहिलंत?"

"त्याला रकाना नाही," साहेब म्हणाला, आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं असं दिसलं नाही.

तरी काम जुळलं. काही आठवड्यांनी साहेबाचाच फोन आला. तयार कपड्यांची मोठी कंपनी, नवी इमारत, पगार महिन्याच्या महिन्याला. धाकटा इतका खूश झाला की त्यानं शेजारच्या घरीही सांगून टाकलं. भावजय म्हणाली, "वन्सं, स्थळ चांगलं आहे, नाही म्हणू नका." थोरलीनं रात्रीच आपली जुनी कातर काढली, पुसली, धार बघितली आणि पिशवीत ठेवली.

कंपनीच्या फाटकावर तिला न्यायला एक तरुण बाई आली. गळ्यात ओळखपत्र, पायात टकटक वाजणारे बूट, बोलण्यात साखर. माणसं नेमण्याचं खातं तिच्याकडे होतं. सगळे तिला मॅडम म्हणत. आत शिरताच मशीनचा आवाज थोरलीच्या कानावर आला. शेकडो सुया एका वेळी कापडात शिरतात तेव्हा होतो तो आवाज. माहेर दिसावं तसं तिला झालं. तिनं कुबड्यांचा वेग वाढवला.

"ताई, तिकडे नाही," मॅडमनं तिचा दंड हलकेच धरला. "तुमच्यासाठी वेगळी व्यवस्था आहे."

तळमजल्याच्या टोकाला एक खोली होती. नवा पिवळा रंग, मऊ खुर्च्या, पंखा, पाण्याचं यंत्र, कोपऱ्यात टीव्ही. दारावर पाटी होती: 'विशेष सहकारी कक्ष'. आत तिघं बसलेली होती.

"इथे बसा हं," मॅडम म्हणाली. "चहा दोनदा येतो. काही लागलं तर सांगा."

"आणि मशीन?"

"ते बघू नंतर." आणि मॅडम टकटक करत गेली.

खिडकीजवळचा काळ्या चष्म्याचा माणूस हसला. "दोन कुबड्या आणि एक चप्पल. शिवाय पिशवीत काहीतरी लोखंडी. बसा ताई. इथे तेवढंच काम आहे."

तो आंधळा होता. पूर्वी एका पेढीत फोन घ्यायचा. दिवसभर जगाच्या बातम्या सांगत असायचा, म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणत. दुसरी एक कुरळ्या केसांची मुलगी होती, तिला ऐकू येत नव्हतं. कंपनीतले लोक तिला सरळ 'ए मुके' म्हणायचे, जणू तिला कळतच नाही. तिला ओठांवरून सगळं कळायचं. तिनं बोटानं केसांची बट गुंडाळून दाखवली, म्हणजे ती तिच्या नावाची खूण. थोरलीनं तेव्हापासून तिला कुरळीच म्हटलं. पूर्वी ती एका दुकानात भरतकामाचा माल तपासायची. एक टाका सुटला तरी तिच्या नजरेतून सुटायचा नाही.

तिसरा पैलवान. देह दरवाजाएवढा, मन सहा वर्षांच्या मुलाचं. वय तिशीच्या पुढचं. त्याची म्हातारी आई रोज त्याला हात धरून फाटकापर्यंत सोडायची, हातात डबा द्यायची. छातीवरचं ओळखपत्र तो सारखं पुसायचा. थोरली बसली तसा तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, आज काम?"

थोरलीनं रेडिओकडे बघितलं.

"आज बसायचं, पैलवान," रेडिओ म्हणाला.

"बरं," म्हणून पैलवान बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं तेच विचारलं. तिसऱ्याही दिवशी. रोज सकाळी डबा खाली ठेवून तो उभा राहायचा. "आज काम?" आणि रोज कोणीतरी सांगायचं, "आज बसायचं."

आधी थोरलीला वाटलं, नवीन आहोत, चार दिवस जातील. मग वाटलं, मशीन यायच्या असतील. पंधरवडा गेला तेव्हा तिनं रेडिओला विचारलं, "हे आहे तरी काय?"

"कायदा आहे ताई. शंभर माणसं ठेवलीत तर त्यात आपल्यासारखी अमुक इतकी हवीत, नाहीतर दंड. आपल्याला बसवून ठेवणं दंडापेक्षा स्वस्त पडतं. मला दिसत नाही, पण वरच्या कागदांवर मी अगदी स्पष्ट दिसतो."

"आणि तुम्हाला चीड येत नाही?"

"पहिल्या वर्षी यायची," रेडिओ म्हणाला.

भिंतीपलीकडे मशीन दिवसभर चालायच्या. थोरलीचा डावा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा, जणू खाली मशीनचा पायटा आहे. जेवणाच्या सुट्टीत ती नळावर हात धुवायला गेली की शिवणाऱ्या बाया बाजूला व्हायच्या. एकदा मागून कुणीतरी म्हणालं, "वाट द्या गं, जावई आले." आणि हशा पिकला. तेव्हा तिला कळलं, की दारावर पाटी काहीही असो, सगळ्या कारखान्यात त्यांच्या खोलीला जावयांची खोली म्हणतात.

तिनं वळून बघितलं. बोलणारी बाई तिच्याच वयाची, मानेला पट्टा बांधलेली.

"चुकलं का काही?" पट्टेवाली म्हणाली. "आम्ही मान मोडून शिवायचं आणि तुम्ही पंख्याखाली बसून पगार घ्यायचा. जावई नाही तर कोण?"

थोरलीच्या जिभेला कधी कुलूप लागत नसे, पण त्या दिवशी लागलं. कारण बाई खरं बोलत होती. तिच्या जागी आपण असतो तर याहून वाईट बोललो असतो, हेही थोरलीला ठाऊक होतं.

मग पाहुणे आले. परदेशी गिऱ्हाईक, सूटबूट, बरोबर फोटोवाला. त्या सकाळी मॅडम धावत खोलीत आली. "चला चला, सगळे फ्लोअरवर, मशीनच्या दालनात!" पैलवानानं टाळी वाजवली. "आज काम! ताई, आज काम!"

थोरलीला एका मशीनवर बसवलं. तिनं खुर्ची सरकवली, गुडघ्याची तरफ चाचपली, आणि सुईकडे बघितलं. सुईत दोरा नव्हता. खालची बॉबिनही काढून घेतलेली. "अहो, दोरा?" तिनं विचारलं. मॅडम पुटपुटली, "फक्त हात ठेवा. फोटोपुरतं." कुरळीच्या हातात उलटी धरलेली कातर दिली. रेडिओच्या कानाला फोन लावला, त्याची वायर टेबलाखाली नुसतीच लोंबत होती.

पैलवानापुढे मात्र खरेच शर्ट ठेवले होते. कुणीतरी त्याला एकदा घडी घालून दाखवली होती आणि तो घालत होता. बाह्या मागे, मग खालचा भाग वर, मग तळहातानं दाबायचं. जीभ बाहेर काढून, श्वास रोखून. एक घडी झाली की तो मान वर करून बघायचा, कुणी बघतंय का. पाहुणे बघत होते. एक पाहुणी तर डोळे पुसत होती. फोटो निघाले. पाहुणे दुसऱ्या दालनात गेले.

"झालं, चला," मॅडम म्हणाली.

लाइनचा, म्हणजे मशीनच्या रांगेचा, सुपरवायझर आला आणि पैलवानापुढचा गठ्ठा उचलू लागला. दिवसभर ओरडून घसा बसलेला, लक्ष सगळं घड्याळाकडे, असा माणूस तो. पैलवानाच्या हातात एक शर्ट अर्धा घडी झालेला होता. तो सोडेना.

"दे रे इकडे."

"झालं नाही अजून," पैलवान म्हणाला.

"दे म्हणतो ना!" सुपरवायझरनं ओढला. शिवण टरकली. पैलवानानं फाटक्या शर्टाकडे बघितलं, आपल्या हातांकडे बघितलं, आणि एवढा मोठा पुरुष मशीनच्या त्या आवाजात भोकाड पसरून रडायला लागला. "मी नीट करत होतो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "ताई, मी नीट करत होतो ना?"

सगळी लाइन थांबून बघत होती. कुणी हसलं नाही. मॅडमनं घाईघाईनं त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा कोंबला, तेव्हा थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. कुबड्या आपटत ती मॅडमच्या मागोमाग तिच्या खोलीत शिरली.

"आम्हाला काम द्या."

"ताई, बसा ना."

"बसून बसून कंबर मोडली माझी. काम द्या!"

मॅडमनं सुस्कारा सोडला. ती वाईट बाई नव्हती, आणि तेच थोरलीला जास्त झोंबत होतं. "ताई, पगार वेळेवर होतो ना? कुणी टाकून बोलतं का? मशीनवर काही इजा झाली तर कोण निस्तरणार? हवं तर असं करूया, तुम्ही घरीच राहा. महिन्यातून एकदा सही करायला या. लोकांना असं भाग्य मिळत नाही."

"भाग्य?" थोरली म्हणाली. "बाई, तुम्हाला उद्यापासून असंच बसवलं, चहा दोनदा दिला आणि फोटोला उठवलं, तर किती दिवस राहाल?"

मॅडमचा फोन वाजला आणि तिनं तो सुटका झाल्यासारखा उचलला.

घरी धाकट्यानं ऐकून डोक्याला हात लावला. "ताई, अगं, पाचही बोटं तुपात आहेत आणि तू हात झटकायला निघालीस. इथे माणसं घासून घासून मरतात. तुला काय काम करायची हौस आहे?"

"हौस?"

"मग काय? तू बसून राहा, पगार येऊ दे. कुणाचं काय जातं?"

थोरली काही बोलायच्या आत भावजय स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पिठाचे तसेच. "कुणाचं काय जातं? छापखाना बंद होता तेव्हा आठवडाभर घरी होतात तुम्ही. पाचव्या दिवशी कपाटं हलवायला काढलीत. सहाव्या दिवशी माझ्याशी भांडलात, मीठ कमी आहे म्हणून. मीठ बरोबर होतं. वन्सं बसल्या आहेत दोन वर्षं. त्यांचं काय जातं ते तुम्हाला कळायचं नाही." मग थोरलीकडे वळून म्हणाली, "आणि माझंही चुकलंच. उद्यापासून भाजी तुम्ही निवडा."

पुढच्या आठवड्यात रजा टाकून थोरली पुन्हा ते दोन जिने चढली. जुळवणीचा साहेब या वेळी मान वर करून हसला. भिंतीवर नवा फोटो लावला होता: मशीनवर थोरली, शेजारी कुरळी, मागे फोनवाला रेडिओ, आणि कोपऱ्यात पैलवान. खाली लिहिलं होतं, 'योग्य माणसाला योग्य काम'.

"तुमची केस आमची यशोगाथा आहे," साहेब म्हणाला.

"साहेब, तुम्ही कधी त्या कारखान्यात गेलात?"

"आम्हाला इथूनच बघावं लागतं सगळं. वर आकडे पाठवायचे असतात."

तिनं सगळं सांगितलं. दोरा नसलेली सुई, वायर न जोडलेला फोन, पैलवानाचा शर्ट. साहेब ऐकत होता, पेनाचं टोपण काढत होता, घालत होता. शेवटी म्हणाला, "हे बघा ताई, जुळवून देणं माझं काम. पुढे नांदवणं काही माझ्या हातात नाही."

"जुळवलंत?" थोरलीचा आवाज इतका चढला की बाहेरच्या बाकावरची माणसं दारात आली. "कशाशी जुळवलंत मला? मी कामाशी जुळवा म्हणून आले होते, तुम्ही मला खुर्चीशी जुळवलंत! माझा पाय किती तुटलाय ते तुम्ही चार ठिकाणी लिहिलंत. मला येतं काय, ते एका ठिकाणी नाही लिहिलंत. ती मुलगी कापडातला सुटलेला टाका चालता चालता पकडते, तिच्या हातात उलटी कातर! आणि तो पोरगा रोज सकाळी विचारतो, आज काम? त्याला मी काय सांगू? तुम्हीच या आणि सांगा, की बाबा, तू आकडा आहेस, आकड्यानं बसायचं असतं!"

साहेबाचा चेहरा पांढरा पडला. थोरलीनं कुबड्या उचलल्या. तिला धाप लागली होती आणि खाली उतरायचे जिने बाकी होते.

सोमवारी ती कारखान्यात आली ती खोलीकडे वळलीच नाही. सरळ फ्लोअरवर गेली. कॉलरीच्या रांगेत एक मशीन मोकळी होती, तिथली बाई बाळंतपणाच्या रजेवर. थोरलीनं कुबड्या भिंतीला टेकवल्या, बसली, बॉबिन घातली, दोरा ओवला. दोनदा हुकला. तिसऱ्यांदा ओवला गेला.

सुपरवायझर धावत आला. "ओ बाई, उठा! मला वरून हुकूम आहे, तुम्हाला मशीनला हात लावू द्यायचा नाही."

"मग नका लावू देऊ. उचला मला."

"काय?"

"उचला आणि ठेवा खोलीत. दोघं-तिघं लागतील, भावजय हातचं राखून वाढत नाही."

आजूबाजूला खसखस पिकली. सुपरवायझरनं इकडेतिकडे बघितलं. एका पायाच्या बाईला सगळ्यांदेखत उचलायला कोण पुढे येणार? तो मॅडमला बोलवायला गेला आणि थोरलीनं पहिली कॉलर हातात घेतली. डाव्या पायानं पायटा दाबला. कापड दाबून धरणारी पट्टी उजव्या गुडघ्यानं उचलायची असते, आणि गुडघा तिच्याकडे होता. पण दोन वर्षं तो गुडघा असं काही विसरून गेला होता. पट्टी वेळेवर उठली नाही, कापड सरकलं. कॉलर वाकडी झाली. तिनं उसवली. दुसरीही वाकडी. बोटात सुई घुसली. शेजारच्या मशीनवर मानेला पट्टा बांधलेली बाई होती. ती बघत होती. तिनं पायानं रिकामी टोपली थोरलीच्या बाजूला सरकवली.

मॅडम आली, विनवण्या झाल्या, धमक्याही झाल्या. थोरली उठली नाही. दरम्यान दाराशी कुरळी येऊन उभी राहिली होती, तिच्या खांद्यावर हात ठेवून रेडिओ, आणि मागे पैलवान. "चला, आज सगळेच बसायचं बंद करू," रेडिओ म्हणाला. कुरळी तपासणीच्या टेबलाशी गेली आणि कुणाला न विचारता तयार शर्ट उलटून बघू लागली.

दुपारपर्यंत थोरलीच्या टोपलीत जेमतेम इतरांच्या निम्म्या कॉलरी होत्या. सुपरवायझर परत आला. त्यानं एक उचलली, उजेडात धरली.

"याच्यावर लाइन नाही चालत, बाई," तो मऊ आवाजात म्हणाला. मॅडमसारखाच मऊ.

"मग असं गोड काय बोलता?" थोरली उसळली. "हिला काय म्हणाला असता, असली कॉलर दिली असती तर?" तिनं पट्टेवालीकडे बोट दाखवलं. "म्हणा की तसं! आमच्या त्या खोलीत येऊन आजवर एकानं शिवी दिली नाही. कामावरच्या माणसाला शिव्या देतात. आम्हाला बिस्किटं देतात!"

सगळ्या सकाळचा वैताग सुपरवायझरच्या तोंडातून बाहेर पडला. "ही कॉलर आहे? हा बोकडाचा कान आहे! एक टोक उत्तरेला, एक दक्षिणेला! आंधळ्यानं शिवली असती तरी—" तो रेडिओकडे बघून अडखळला.

"चालू द्या," रेडिओ म्हणाला. "मी खरंच याहून बरी शिवली असती."

पट्टेवाली फिसकन हसली. थोरलीही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "परत शिवते," ती म्हणाली. "आणा इकडे."

पुढचे काही दिवस ती रोज तिथेच बसली. कंपनीनं तिला काढायचा विचार केला, पण काढलं असतं तर आकडा कमी झाला असता. असं त्यांचंच हत्यार त्यांच्यावर उलटलं. आणखी एक गोष्ट झाली, तिची थोरलीनं अपेक्षा केली नव्हती. एका सकाळी जुळवणीचा साहेब फाटकावर आला. आयुष्यात पहिल्यांदा तो कारखान्याच्या आत शिरला. आवाजानं दचकला, धाग्यांच्या कचऱ्यात त्याचे बूट भरले. तो मॅडमशी बराच वेळ बोलला, आणि बाहेर येताना थोरलीजवळ थांबला. "फोटो काढून टाकला मी," तो म्हणाला. थोरलीनं मशीन थांबवली नाही. "फोटो काढून काय होतंय? पैलवानाचं बघा," ती म्हणाली.

थोरलीला आधी दुरुस्तीच्या कामावर ठेवलं, म्हणजे इतरांचं वाकडं उसवून सरळ करायचं. मग गुडघा वळणावर आला तशी कॉलरीवर घेतलं. कुरळी तपासणीला लागली. तिच्या टेबलावर एक दिवा बसवला, हाक मारायची तर तो पेटवायचा. रेडिओला मात्र कुणीच काम दिलं नाही. फोनचं काम आता यंत्र करतं, म्हणाले. त्यानं राजीनामा दिला. "बसून पगार घेण्यापेक्षा उभ्यानं शोधीन," म्हणाला, आणि थोरलीला त्याचं कौतुक करावं की कंपनीच्या नावानं बोटं मोडावीत, कळेना. तिनं दोन्ही केलं.

पैलवानाला कंपनीनं घरी राहायला सांगितलं. मशीनजवळ धोका, म्हणाले. पगार चालू राहील. थोरली त्याच्या घरी गेली. एका खोलीचं घर. पैलवान उंबऱ्यात बसला होता, अंघोळ झालेली, ओळखपत्र गळ्यात, डबा मांडीवर.

"ताई, आज काम?"

त्याची आई आतून बाहेर आली. "रोज असा बसतो," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात धार होती. "तुम्हाला तुमचं काम मिळालं. बरं झालं. पण तुम्ही सगळे गुमान बसला होतात, तेव्हा याला सकाळी घराबाहेर पडायला तरी मिळत होतं. आता तेही गेलं. मी मेल्यावर हा कुणाच्या दारात बसेल, ते सांगा."

थोरलीला म्हातारीचा राग आला नाही, पण वाटभर तिचे दात एकमेकांवर घासत होते. दुसऱ्या दिवशी तिनं पट्टेवालीला सांगितलं, पट्टेवालीनं रांगेला. ज्या बायांनी तिला जावई म्हटलं होतं, त्याच सुट्टीत पॅकिंगच्या मुख्याला घेराव घालून उभ्या राहिल्या. मालाची खोकी येतात ती सपाट, ती उघडून तळ दुमडायचा असतो; तिथे ना सुई, ना पातं. सुपरवायझरच शेवटी म्हणाला, "अर्धा दिवस पाठवा. माझी मान, काही झालं तर." पण साहेबाच्या खेपा, मॅडमच्या सह्या, वरचे, त्यांच्या वरचे, असं करत त्यात उन्हाळा गेला. एका माणसाला पुठ्ठ्याची खोकी दुमडू द्यायला अख्खा उन्हाळा!

पैलवान आता सकाळी येतो, दुपारी जातो.

पण पिवळी खोली रिकामी राहिली नाही. रेडिओ गेला होता, कंपनीत नवी माणसंही वाढली होती, आकडा भरायचा होता. एका सकाळी थोरलीनं नळावरून बघितलं, दार उघडं होतं. आत चाकाच्या खुर्चीत एक तरुण मुलगी होती आणि शेजारी एक हात नसलेला माणूस. दोघांसमोर चहाचे कप होते आणि टीव्ही चालू होता. मुलीनं मान वर करून हसून नमस्कार केला. नवीन होती, अजून खूश होती.

मशीनची घंटा झाली होती, सुपरवायझर आता बोंब मारणार होता. थोरली तशीच कुबड्या टाकत आत शिरली, आणि सगळ्यात आधी तिनं तो टीव्ही बंद केला.